नियमाचा डबा

पद्मावतीबाई चौगुले भित्र्या होत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पालीला भीत, लिफ्टला भीत, कुत्रं तर लांबून दिसलं तरी गल्ली बदलत. कोल्हापुरात राजारामपुरीत तीस वर्षं काढली, तरी मेन रोड ओलांडायचा म्हटलं की कुणीतरी दुसरं ओलांडायला निघेपर्यंत कडेला पिशवी धरून उभ्या. त्यांचे यजमान नेमिनाथ, गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान चालवणारा मिस्कील माणूस, ते आल्यागेल्याला सांगायचे, "लग्नात सप्तपदीला पण हिला मीच पुढं ढकललंय."

आता अशा बाईला सहावी ते आठवीच्या पोरांना धर्म शिकवायला कुणी बसवलं? आण्णांनी. आण्णा म्हणजे मंदिराच्या कमिटीचे अध्यक्ष. आवाज असा, की वरच्या मजल्यावर जय जिनेंद्र म्हणाले तर खाली चपला सोडणारा माणूस उत्तर देईल. पाठशाळेच्या आधीच्या बाई मुलाकडं पुण्याला गेल्या. पद्मावतीबाईंनी पूर्वी बालवाडीत शिकवलं होतं, तेवढं आण्णांना पुरलं. म्हणाले, "रविवारी दोन तास, बाई. पोरं बारकी हायत. घाबरायचं काय त्यात?" बारक्या पोरांइतकं घाबरण्यासारखं जगात दुसरं काही नाही, हे आण्णांना कोण सांगणार?

पहिलीदुसरीची पोरं बरी. चोवीस तीर्थंकरांची नावं पाठ करा म्हटलं की करतात. बारा-तेरा वर्षांची पोरं निराळी. ती शाळेत सायन्स शिकून आलेली असतात. "बाई, बटाट्यात जीव असतात म्हणून खायचा न्हाई, मग दह्यात बॅक्टेरिया असतात त्यांचं काय?" "बाई, मोबाईलवर गेममधला माणूस मारला तर हिंसा होती काय?" खोटं सांगितलं तर पाप, नाही सांगितलं तर पोरं हसणार. मग त्या वहीत प्रश्न लिहून घेत, "पुढच्या रविवारी सांगते" म्हणत आणि आठवडाभर मंदिरातल्या पंडितांना गाठून, पुस्तकं चाळून उत्तर शोधून आणत. पोरांना ते आवडलं. आपला प्रश्न वहीत लिहून घेणारी बाई त्यांना दुसरीकडं कुठं भेटली नव्हती. सहा वर्षांत वर्ग बारावरून चाळीसवर गेला. बाई मात्र दर रविवारी मंदिरावरच्या हॉलचा जिना चढताना तेवढ्याच घाबरत.

पायऱ्या बावीस होत्या. त्या मोजत चढायच्या.

या वर्गात एक डबा होता. जुना, पत्र्याचा, चहापत्तीचा. भाद्रपदातलं जैनांचं दशलक्षण पर्व सुरू व्हायच्या आधल्या दिवशी प्रत्येक पोरानं दहा दिवसांसाठी एक नियम घ्यायचा, चिठ्ठीवर लिहायचा आणि घडी घालून डब्यात टाकायचा. कुणी लिहायचं कंदमूळ खाणार नाही, कुणी लिहायचं भावाला मारणार नाही. चिठ्ठी कुणी वाचायची नाही, अगदी बाईंनीसुद्धा. पर्व संपल्यावर क्षमावाणीच्या दिवशी ज्याची त्यानं चिठ्ठी परत घ्यायची. पाळला असेल तर फाडून टाकायची, मोडला असेल तर "मोडला" म्हणायचं. शिक्षा काही नाही. "नियम सांगायचा नसतो, पाळायचा असतो," असं बाई फळ्यावर लिहीत. दिखावा नको, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगलाच होता, आणि चांगल्या हेतूनंच घोळ केला.

जूनमध्ये वर्गात एक नवी मुलगी आली. आदिती मगदूम, सातवीतली. बापाची बदली झाली म्हणून जयसिंगपूरहून इथं आलेली. अंगानं बारीक, बोलायला फटकळ, पळायला वारा. पहिल्याच दिवशी तिची आई त्रिशला बाईंना जिन्याखाली बाजूला घेऊन गेली. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, "बाई, तुम्हाला म्हणून सांगते. आदितीला शुगर हाय. लहानपणची. दिवसातनं चार वेळा इंजेक्शन घेती. पण कुणाला बोलू नका हं. मुलीची जात, उद्या लग्नाला नडायचं." आणि तिनं ग्लुकोज पावडरचं एक छोटं पाकीट बाईंच्या हातात दिलं. "कधी घाम सुटला, हातपाय थरथरले, चिडचिड करायला लागली, तर हे तोंडात घालायचं. लगेच. वेळ घालवायचा न्हाई. शुद्ध गेली की मग घालता येत न्हाई."

झालं! दुष्काळात तेरावा महिना. बाईंनी ते पाकीट पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं आणि त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. वर्गात पाच पापं शिकवताना नजर आदितीवर. पोरगी जांभई देते काय, कपाळ पुसते काय, हात का हालला तिचा? दर पाच मिनिटांनी बघायच्या. इतर पोरांना आळीपाळीनं खालून पाण्याचा जग भरून आणायला पाठवत, तिला कधी नाही. जिन्यात चक्कर आली तर? तिला उभं करून पाठांतर घेतलं नाही. पर्वातल्या नाटुकल्यात राजा होता, शिकारी होता, सहा हरणं होती. आदिती म्हणाली, "बाई, मी हरीण व्हतो." हरणांना स्टेजभर पळायचं होतं. बाईंनी तिला वडाचं झाड केलं. झाडाला स्टुलावर बसायचं होतं. आदिती स्टुलावर जाऊन बसली. नुसती बाईंकडं बघत राहिली.

नियमाच्या चिठ्ठ्या टाकायचा दिवस आला तेव्हा बाईंच्या मनात आलं होतं, की आजारी माणसाला नियमात सूट असते हे वर्गात सांगावं. तोंड उघडलंही होतं. पण पोरं ती! लगेच विचारणार, "कोण आजारी हाय बाई?" आणि सगळे आदितीकडं बघणार. त्रिशलेला दिलेला शब्द जाणार. आदितीला एकटीला बाजूला घेऊन सांगावं, तर कुणी बघितलं तर? बाई भ्यायल्या. नुसतं म्हणाल्या, "झेपेल तेवढंच घ्या रे." तेराव्या वर्षी कुणाला काय झेपत नाही! आदितीनं चिठ्ठी लिहिली, चारदा घडी घातली आणि डब्यात टाकली.

नऊ दिवस नीट गेले. दहावा दिवस अनंत चतुर्दशीचा. बाईंचा निर्जळा उपवास, पाण्याचा थेंबही नाही. वर्गातल्याही निम्म्या पोरांचे उपवास. दुपारी नाटुकलं झालं. हरणं पळाली, शिकाऱ्याला पश्चात्ताप झाला, वडाचं झाड स्टुलावर बसून राहिलं. आण्णांनी भाषण केलं. पावणेसहाला सगळं आटपलं. उपवास नव्हता त्यांना दिवस मावळायच्या आत घरी जाऊन जेवायचं होतं.

पण बाहेर कोल्हापूर होतं आणि गणपती निघाले होते. मंडळं रस्त्यावर उतरलेली, साउंडच्या भिंती, लेझीम, ट्रॅक्टरमागं ट्रॅक्टर. मंदिराच्या खिडक्यांची तावदानं थडथड वाजत होती. जवळची पोरं चालत गेली, लांबची वीसेक हॉलमध्ये अडकली. आईबापांचे फोन यायला लागले, आलोच, इथंच चौकात अडकलोय, पोलीस सोडेनात. आदितीनं बाईंच्या फोनवरून आईला लावला. त्रिशला म्हणाली, "जेवणाचा डबा घेऊन निघाले. दहा मिनिटांत पोचते." आदिती फोन देऊन मागच्या खोलीत गेली आणि दोन मिनिटांत परत येऊन खिडकीशी बसली. बाईंनी ते बघितलं, पण त्याचा अर्थ त्यांच्या डोक्यात आला नाही.

दहा मिनिटांची पंचवीस झाली. पंचवीसाची चाळीस झाली. साडेसहा वाजून गेले. समोरच्या अपार्टमेंटच्या टाकीवरचं ऊन गेलं. पोरांपैकी कुणीतरी सवयीनं ओरडलं, "मावळला रे!"

त्यानंतर पाचेक मिनिटांनी ऐश्वर्या नावाची आठवीतली मुलगी बाईंजवळ आली. "बाई, आदिती कसंतरीच करतीया."

तीन महिने बाई ज्या क्षणाला भीत होत्या, तो आला होता. आदितीचं कपाळ घामानं डबडबलेलं, ओठ पांढरे, हात थरथरतायत. तिनं बाईंकडं बघितलं ते ओळख नसल्यासारखं. तेवढ्यात बाईंच्या हातातला फोन वाजला. त्रिशला होती. पलीकडं ढोल आणि साउंड, त्यातनं ती जीव खाऊन ओरडत होती. "बाई! मी अजून चौकातच हाय! आदिती काय करती? तिनं जेवणाआधीचं इंजेक्शन घेतलं असणार हो! मी दहा मिनिटांत येते म्हटलं होतं न्हवं! तिच्या पोटात काय गेलंय काय?"

"न्हाई," बाई म्हणाल्या.

"ग्लुकोज घाला! आत्ताच्या आत्ता! आई गं, बाई, माझी पोर..." आणि फोन कटला.

बाईंनी ऐश्वर्याच्या हातात फोन कोंबला. "एकशेआठला लाव. पत्ता सांग." पर्स उघडली. आतल्या कप्प्याची चेन सरकेना. पाकीट निघालं, दातानं फोडलं. तळहातावर पावडर घेऊन आदितीच्या तोंडाशी नेली. "खा बाळ. खा लवकर."

आदितीनं तोंड फिरवलं.

"आदिती! खा गं!"

"दिवस मावळला," आदिती म्हणाली. जीभ जड झाली होती. "माझा नियम हाय. मी खात न्हाई."

म्हणजे हा नियम! या पोरीनं दिवस मावळल्यावर न खाण्याचा नियम घेतला होता, नऊ दिवस पाळला होता आणि आता शेवटच्या दिवशी तो मोडायचा नाही म्हणून दात आवळून बसली होती. आणि शिकवलं कुणी? फळ्यावर लिहिलं कुणी?

"अगं, आजारी माणसाला चालतं. शास्त्रातच सांगितलंय!"

"मग वर्गात का न्हाई सांगितलं?" आदिती खेकसली. "तुम्ही खोटं बोलताय. मला तेवढं चालतं आणि बाकीच्यांना न्हाई, व्हय? सोडा मला!" तिनं बाईंचा हात झटकला. पावडर सतरंजीवर सांडली. वीस पोरं भोवती गोळा झाली होती, त्यातली दोन रडायला लागली होती. आदितीची मान एका बाजूला कलायला लागली होती. शुद्ध गेली की मग घालता येत नाही. त्रिशलेचं ते वाक्य बाईंच्या कानात साउंडपेक्षा मोठ्यानं वाजत होतं.

जिन्यावर धपाधप पावलं वाजली आणि दारात आण्णा येऊन उभे राहिले. "काय झालं? काय झालं गं पोरींनो?"

पद्मावतीबाईंनी वयाच्या अकराव्या वर्षी आजीसमोर शब्द दिला होता, की दिवस मावळल्यावर अन्नाचा कण तोंडात घालणार नाही. त्याला पंचेचाळीस वर्षं झाली होती. लग्नाच्या वरातीत मोडला नव्हता, बाळंतपणात मोडला नव्हता. आज तर चतुर्दशी होती, उपवास होता, खाली देव होता, दारात कमिटीचे अध्यक्ष होते आणि समोर चाळिसातली वीस पोरं होती. बाईंना सगळ्यांची भीती वाटत होती. देवाची, पापाची, आण्णांची, पोरांची. पण त्या पांढऱ्या ओठांची सगळ्यात जास्त वाटत होती.

त्यांनी पाकिटातली चिमूटभर पावडर उचलली आणि आपल्या तोंडात टाकली.

कोरड्या तोंडात ती गोड पावडर चिकटून बसली. बाईंनी ती सगळ्यांदेखत गिळली.

"हे बघ, आदिती. माझ्याकडं बघ. मी खाल्लं. माझा पंचेचाळीस वर्षांचा मोडला, तुझा दहा दिवसांचा. पाप असेल तर दोघींचं मिळून. आता तोंड उघड."

आदितीनं बाईंच्या ओठांवरची पांढरी पावडर बघितली. कितपत समजलं कोण जाणे. पण तिचे दात सुटले. बाईंनी बोटानं पावडर आत सारली, गालाला लावली, पुन्हा सारली, पुन्हा. ऐश्वर्यानं पाणी आणलं. "गीळ बाळ. गीळ. आणखी थोडं." बाई रडत होत्या आणि णमोकार मंत्र म्हणत होत्या आणि मधेच "गीळ" म्हणत होत्या.

आण्णा दारातून नाहीसे झाले. आता खाली जाऊन कमिटी बोलावणार, असं बाईंच्या मनात येऊन गेलं. येऊ दे. पाच मिनिटांनी ते धापा टाकत परत आले, तेव्हा त्यांच्या हातात केळ्यांची अर्धी फणी होती. "मंडळाच्या पोरांकडनं आणली," ते म्हणाले. मोठ्या आवाजाचा हा माणूस इतक्या हळू बोलू शकतो हे कुणाला माहीत नव्हतं. "गणपतीम्होरची हायत. चालतील न्हवं?"

दहा-बारा मिनिटांनी आदितीच्या ओठांवर रंग आला. तिनं केळं खाल्लं. अँब्युलन्स पोचायच्या आधी त्रिशला पोचली. गाडी चौकात टाकून, डबा छातीशी धरून मिरवणुकीतनं धावत आली होती. तिनं पोरीला पोटाशी धरलं आणि मोठमोठ्यानं रडली. सगळ्या पोरांसमोर झालं ते, त्यामुळं गुपित वगैरे काही शिल्लक राहिलं नाही.

बाई घरी गेल्यावर नेमिनाथांना एवढंच म्हणाल्या, "माझा नियम मोडला." नेमिनाथांनी पहिल्यांदाच काही थट्टा केली नाही.

दुसऱ्या दिवशी क्षमावाणी. वर्षभरात कळत नकळत दुखावलं असेल त्याची सगळ्यांनी सगळ्यांकडं माफी मागायची, असा तो दिवस. बाईंना पाठशाळेत जायचं धाडस होईना. आण्णा काय म्हणतील, आईबाप काय म्हणतील, पोरं तर विचारणारच. तरी गेल्या. बावीस पायऱ्या मोजत चढल्या. आण्णा वर हॉलच्या दाराशीच उभे होते. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "बाई, उत्तम क्षमा. बारकी पोरं हायत, घाबरायचं काय, असं मी म्हटलतो तुम्हाला. चुकलंच माझं."

नियमाचा डबा उघडला. पोरांनी आपापल्या चिठ्ठ्या शोधून घेतल्या. बहुतेकांनी फाडल्या, तिघांनी "मोडला" म्हणून सांगितलं. आदिती शेवटी उठली. तिनं आपली चिठ्ठी काढली, बाईंच्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "बाई, माझा मोडला. वाचा तुम्ही."

"वाचायची नसते बाळ."

"मी सांगतोय की. वाचा."

बाईंनी चार घड्या उलगडल्या. तिरप्या अक्षरात लिहिलं होतं: "दहा दिवस सगळ्यांसारखं मी पण दिवस मावळल्यावर खाणार नाही. मग तरी बाई माझ्याकडं सारखं घाबरून बघायच्या थांबतील."

बाईंनी ते दोनदा वाचलं. तीन महिने त्या जीव मुठीत धरून या पोरीकडं बघत होत्या, तिला जपत होत्या, आणि ते बघणंच तिला बोचत होतं. पाण्याचा जग, पाठांतर, स्टुलावरचं ते झाड. एकेक आठवत गेलं आणि बाईंना तोंड वर करवेना. कालची भीती परवडली, असं त्यांना झालं.

त्या खुर्चीतनं उठल्या. चाळीस पोरांसमोर आदितीपुढं हात जोडून उभ्या राहिल्या. "आदिती, माझं चुकलं. मला क्षमा कर."

"केली की," आदिती म्हणाली. तिला अवघडल्यासारखं झालं असावं, कारण ती लगेच दुसरीकडं बघायला लागली. "पुढच्या वर्षी मला हरीण करा."

"करते."

मग बाईंनी टेबलावरचा पाण्याचा जग उचलला. रिकामा होता. भीती होतीच, नेहमीएवढीच, तसूभरही कमी नाही. "इंजेक्शन कधी घेतलंस?"

"आठला. नाश्ता केलाय."

"मग जा, जग भरून आण."

आदितीनं जग घेतला आणि पळाली. चालत नाही, पळाली. बाई फळ्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या आणि खडूनं तारीख लिहायला लागल्या. जिन्यावर तिची पावलं वाजत होती. बाई मोजत होत्या. बावीस खाली. मग नळाचा आवाज. मग बराच वेळ काहीच नाही. खडू हातात मोडला. मग एक, दोन, तीन, पावलं वर यायला लागली, भरल्या जगामुळं सावकाश. बावीस झाली, जग टेबलावर आपटला, थोडं पाणी सांडलं. बाईंनी तोवर एकदाही वळून बघितलं नव्हतं.